पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे

(महाळुंगे पडवळ, ता. आंबेगाव आणि परिसरातल्या महिला गटांसाठी सामुदायिक रेडिओवरून झालेलं भाषण)

संध्याकाळच्या धारा झाल्या असतील, चुलीवर काहीतरी चढलं असेल. हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या.

आजचा विषय आहे संचालक मंडळावरचा स्वतंत्र संचालक. काहीजणी म्हणतील, हा मुंबईतल्या बड्या कंपन्यांचा विषय, आपला काय संबंध? तर आधी एक मोजदाद करा. आपल्या गटातल्या, आपल्या ग्रामसंघातल्या कितीजणी आज कुठल्या ना कुठल्या संस्थेच्या संचालक आहेत? कोणी गावच्या दूध संस्थेत आहे, कोणी विकास सोसायटीत, कोणी महिला पतसंस्थेत, कोणी शेतकरी उत्पादक कंपनीत. सहकार कायद्यात महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत. उत्पादक कंपन्या तर काही ठिकाणी गटातल्या बायकांनीच उभ्या केल्या. म्हणजे संचालक ही पदवी आपल्या उंबऱ्यापर्यंत आली. पण त्या खुर्चीवर बसून करायचं काय, हे कितीजणींना कोणी सांगितलं? बहुतेकींना एवढंच सांगितलं जातं, "ताई, इथं सही करा."

म्हणून आज हे जरा नीट समजून घेऊ.

आपण बचत गट सुरू केला तेव्हा पहिल्या काही गोष्टींत एक गोष्ट शिकलो. पैशाची पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीच्या घरी. का बरं? पेटी सांभाळणारी चोर आहे म्हणून नाही. ती आपलीच शेजारीण असते. पण पैसा आणि किल्ली एकाच हातात राहिली की चांगल्या माणसाचाही कधीतरी तोल जातो, आणि नाही गेला तरी लोक संशय घेतात. पेटी आणि किल्ली वेगळी ठेवली की दोघींची अब्रू राखली जाते. स्वतंत्र संचालक म्हणजे दुसऱ्या घरी ठेवलेली किल्ली. ही एवढी एक ओळ लक्षात राहिली तर पुढचं सगळं सोपं आहे.

आता मोठ्या कंपनीत काय होतं ते बघू. लांब जायला नको. आपल्या मंचरजवळ, अवसरी फाट्यावर पराग मिल्क फूड्स कंपनीचा कारखाना आहे. गोवर्धन तूप म्हणून आपण दुकानात बघतो ते हिचंच. १९९२ साली ही कंपनी सुरू झाली आणि २०१६ साली ती शेअर बाजारात आली. शेअर बाजारात आली म्हणजे काय? तर आता मुंबईतला, नागपुरातला, कुठलाही माणूस तिचा एखादा शेअर घेऊन छोटासा मालक होऊ शकतो. त्याने कारखाना पाहिलेला नसतो, चेअरमनला तो कधी भेटणार नसतो. मग त्याच्या पैशाकडे लक्ष कोण ठेवणार? त्यासाठी कायद्याने सांगितलं आहे की शेअर बाजारातल्या प्रत्येक कंपनीच्या मंडळावर किमान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र हवेत. हा २०१३ चा कंपनी कायदा. तो परागला लागू, टाटांना लागू, सगळ्यांना लागू.

स्वतंत्र कोणाला म्हणायचं, तेही कायद्याने ठरवलं आहे. ज्यांनी कंपनी उभी केली त्यांच्यापैकी ती व्यक्ती नसावी. त्यांची किंवा इतर संचालकांची नातेवाईक नसावी. कंपनीशी तिचा पैशाचा मोठा व्यवहार नसावा, अलीकडच्या वर्षांत ती तिथे नोकरीला नसावी. एका वेळी पाच वर्षं, आणि अशा लागोपाठ दोनच मुदती. मग तीन वर्षं बाजूला व्हायचं. बैठकीचा भत्ता मिळतो, एका बैठकीला जास्तीत जास्त एक लाख रुपये. पण कंपनीच्या चढत्या भावात तिचा स्वतःचा फायदा गुंतू नये म्हणून कामगिरीचं बक्षीस म्हणून शेअर देण्याच्या योजनेत तिला घेता येत नाही. वर्षातून एकदा तरी स्वतंत्र संचालकांनी वेगळं बसायचं, तिथे मालकही नाही आणि अधिकारीही नाहीत, आणि चेअरमनचं काम कसं चाललंय यावर मोकळं बोलायचं.

बायकांचं बघा. याच कायद्याने शेअर बाजारातल्या कंपन्यांना मंडळावर किमान एक महिला घ्यायला लावली. मग अनेक कंपन्यांनी काय केलं? मालकाची बायको, नाहीतर मुलगी, नाहीतर बहीण बसवली. ऐकून हसू आलं ना? आपल्याकडे सरपंचपती असतात, तसंच तिथेही झालं. म्हणून शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने पुढचं पाऊल टाकलं. मोठ्या पाचशे कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून आणि मोठ्या हजार कंपन्यांना १ एप्रिल २०२० पासून सक्ती केली की मंडळावर किमान एक *स्वतंत्र* महिला हवी. नुसती महिला असून भागत नाही, ती कोणाच्या घरची आहे यावर ती काय बोलू शकेल हे ठरतं, हे मुंबईलाही कळलं.

पण ताईंनो, खुर्ची स्वतंत्र असली म्हणजे माणूस स्वतंत्र होतोच असं नाही. याचं देशभर गाजलेलं उदाहरण सत्यम कंपनीचं. हैदराबादची कॉम्प्युटरची मोठी कंपनी. १६ डिसेंबर २००८ ला तिच्या मंडळाने ठराव केला की मालकाच्या कुटुंबाच्या दोन कंपन्या सत्यमच्या पैशाने विकत घ्यायच्या. मंडळावर मोठमोठे प्राध्यापक होते, निवृत्त सनदी अधिकारी होते, सगळे स्वतंत्र संचालक. कंपनीचा पैसा मालकाच्याच घरात जातोय हे समोर दिसत होतं, तरी ठराव मंजूर झाला. बाहेर शेअरवाल्यांनी आरडाओरडा केला तेव्हा काही तासांत तो मागे घ्यावा लागला. आणि ७ जानेवारी २००९ ला चेअरमनने पत्र लिहून स्वतःच कबूल केलं की हिशेबात हजारो कोटींचा पैसा नुसता कागदावर होता. एवढी शिकलेली माणसं, पण त्या दिवशी त्या टेबलावर "हे आज नको, आधी कागद दाखवा" म्हणून कोणी अडून बसलं नाही.

आपल्या महाराष्ट्रातलं बघायचं तर पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध आणले आणि सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढायची मुभा दिली. हजार रुपये! कोणाच्या लेकीचं लग्न, कोणाचं ऑपरेशन, आणि हातात हजार रुपये. कारण काय निघालं? बँकेच्या कर्जापैकी सत्तर टक्क्यांहून जास्त कर्ज एकाच बिल्डर समूहाला दिलेलं होतं आणि ते हिशेबात लपवलं होतं. तिथेही मंडळ होतं, बैठका होत होत्या, सह्या होत होत्या.

जाता जाता एक कामाची गोष्ट. त्यानंतर, फेब्रुवारी २०२० पासून, बँकेतल्या ठेवीचं विमा संरक्षण एक लाखावरून पाच लाख झालं. ते सहकारी बँकांनाही आहे. पण पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. म्हणून पतसंस्थेचं मंडळ जागं असणं आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं.

आता आपल्याकडे येऊ. शेतकरी उत्पादक कंपनीत पाच ते पंधरा संचालक असतात. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. पण तिथे स्वतंत्र संचालकाची सक्ती नाही. कायदा धरून चालतो की सगळे सभासद शेतकरी आहेत, एकमेकांना ओळखतात, एकमेकांवर लक्ष ठेवतील.

पण खरं काय होतं? आपण ओळखतो, म्हणूनच बोलत नाही. गावात कोण कोणाचं कोण नाही सांगा? चेअरमन दिराच्या जागी, सचिव माहेरच्या नात्यातला, उरलेले भावकीतले. समजा, कंपनीचे टोमॅटोचे क्रेट वाशी मार्केटला पाठवायचेत आणि भाड्याचं काम चेअरमनच्या भाच्याच्या टेम्पोला द्यायचं ठरतंय. भाडं जास्त आहे हे मंडळातल्या चारही बायकांना कळतं. पण बोलणार कोण? उद्या त्याच घरी हळदीकुंकवाला जायचंय. परवा त्याच्याच विहिरीवरून पाइप टाकायचाय. रात्री घरात सासरे विचारणार, "तुला काय गरज होती मध्ये बोलायची?" ताईंनो, ही भीती खोटी नाही. जी बाई गप्प बसते ती अडाणी नसते, तिचे हात दहा ठिकाणी अडकलेले असतात. शहरातल्या कायद्यात ज्याला हितसंबंध म्हणतात, ते आपल्याकडे नातं, बांध, पाणी आणि उसनवारी या रूपात असतं.

मग यावर इलाज काय? मला एक इलाज सुचतो आणि तो कायद्यात बसतो. उत्पादक कंपनीचं मंडळ बाहेरची तज्ज्ञ व्यक्ती संचालक म्हणून घेऊ शकतं. एकूण संचालकांच्या एक पंचमांशापर्यंत. म्हणजे पाच संचालक असतील तर एक, दहा असतील तर दोन. तिला चेअरमनच्या निवडणुकीत मत नसतं, म्हणजे ती गावच्या गटबाजीतही पडत नाही. ही जागा आपण बहुतेक वेळा रिकामी ठेवतो, नाहीतर कोणाची तरी सोय म्हणून भरतो. त्या जागेवर परगावची बाई आणा.

दहावीचे पेपर कुठे तपासले जातात? ज्या शाळेत मूल शिकलं तिथे नाही, दुसरीकडे. तसंच करायचं. पश्चिम आंबेगावात हिरडा गोळा करणाऱ्या बायकांचा गट आहे, त्यांच्या मंडळावर नारायणगावच्या बाजूची हिशेबात मुरलेली ताई जाईल. सातगाव पठारावरच्या बटाटावाल्यांकडे दूध धंद्यातली ताई बसेल. त्यांच्यातली एखादी आपल्याकडे येईल. एकच पथ्य पाळायचं, दोघींच्या कंपन्या एकाच मालाच्या खरेदीत एकमेकींसमोर उभ्या नसाव्यात. नाहीतर भाव फुटायचे.

ती परगावची ताई त्या टेम्पोच्या बैठकीत शांतपणे विचारेल, "अजून दोघांचे दर मागवलेत का?" एवढंच. तिला ना त्या घरी हळदीकुंकवाला जायचंय, ना त्या विहिरीचं पाणी हवंय. बैठक संपली की ती एसटीने आपल्या गावी जाईल. आणि तिने प्रश्न काढला की मग आपल्या चौघींनाही तोंड उघडायला सोपं जातं.

अशी बाई कुठे मिळेल? निवृत्त शिक्षिका, नर्सबाई, बँकेत किंवा टपाल कार्यालयात काम केलेली, नाहीतर दहा वर्षं गटाचं दप्तर चोख ठेवलेली आपलीच सीआरपी ताई. तिला येण्याजाण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी द्या, ठराव करून द्या. फुकट आलेल्या माणसावर कोणाचे तरी उपकार चढतात, आणि उपकार चढले की प्रश्न विचारता येत नाहीत. मुदत ठरवा. तीन वर्षं, पाच वर्षं, मग दुसरी.

आणखी एक सांगते, म्हणजे भलती आशा नको. परगावची ताई वर्षातून चार-पाच वेळा येणार, तिला दाखवाल तेवढंच दिसणार. सत्यममध्ये कागदच खोटे होते. म्हणून ती आली तरी लेखापरीक्षण हवंच, वार्षिक सभेला सभासदांनी जायलाच हवं. एक किल्ली वेगळ्या घरी ठेवली म्हणून पेटी उघडी टाकायची नसते.

"पण आम्ही चौथी शिकलेल्या, आम्हाला ताळेबंद काय कळणार?" असं म्हणणाऱ्या ताईंसाठी साताऱ्याच्या माण तालुक्यातलं म्हसवड सांगते. दुष्काळी गाव. तिथे चेतना सिन्हा यांच्यासोबत बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने अर्ज परत पाठवला, कारण काय, तर बायकांना लिहितावाचता येत नाही. बायका रडत बसल्या नाहीत. लिहायला शिकू लागल्या, आणि काही महिन्यांनी पुन्हा मुंबईला गेल्या. तिथे अधिकाऱ्यांना म्हणाल्या की आम्हाला वाचता येत नसेल, पण मोजता येतं. कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आणि तुमच्या साहेबांना कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा, बघू आधी कोणाचं होतं! बँकेला परवाना मिळाला. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. तेव्हा व्याज, उधारी, नफा-तोटा हे आपल्याला कळतं. बाजारची पट्टी हातात आली की अडत्याने कुठे काय कापलं हे आपल्याला बोटावर सांगता येतं. ताळेबंद म्हणजे मोठी पट्टीच.

आता ज्या ताई आज संचालक आहेत, किंवा उद्या होणार आहेत, त्यांनी काय करायचं ते सांगते. जमलं तर वहीत लिहून घ्या.

पहिलं, होकार देण्याआधी तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागा. संस्थेचं कर्ज किती, कोणाकडे थकलंय, हे विचारा. द्यायला टाळाटाळ झाली तर समजून जा.

दुसरं, कंपनीच्या संचालकाची डिजिटल सही असते, पेनड्राइव्हसारखी दिसते. ती स्वतःकडे ठेवा. कारभाऱ्याकडे नको, सीएच्या कपाटात नको, मुलाकडेही नको. मोबाइलवर ओटीपी आला की कशाचा आहे हे विचारल्याशिवाय सांगू नका. ती तुमची सही आहे, अंगठ्यासारखी.

तिसरं, कंपनी दरवर्षी सरकारकडे हिशेब भरते का बघा. २०१७ साली सरकारने तीन लाखांहून जास्त संचालकांना अपात्र ठरवलं, कारण त्यांच्या कंपन्यांनी सलग तीन वर्षं हिशेब भरले नव्हते. अपात्र म्हणजे पाच वर्षं कुठल्याही कंपनीत संचालक होता येत नाही. नुसतं नाव लावलेल्या बाईचंही नाव त्यात जाऊ शकतं.

चौथं, बैठकीची सूचना कंपनीत सात दिवस आधी मिळायला हवी. सोबत विषय आणि कागद मागा. ऐनवेळी मोठ्या खर्चाचा विषय आला तर म्हणा, "पुढच्या बैठकीत घेऊ." ज्याच्या घरचा फायदा त्या विषयात आहे, त्याने तसं सांगून त्या चर्चेतून बाजूला व्हायचं, हा कायदा आहे. तो सगळ्यांसमोर वाचून दाखवा.

पाचवं आणि सगळ्यात मोठं. तुमचा विरोध असेल तर तो प्रोसिडिंगमध्ये नावानिशी लिहून घ्या. कंपनी कायद्यानुसार कोणाचा विरोध होता हे इतिवृत्तात लिहावं लागतं. कोऱ्या पानावर सही नाही, घरी आणून दिलेल्या पुस्तकावर न वाचता सही नाही. उद्या चौकशी लागली तर विचारतात, तुम्हाला माहीत होतं का, तुम्ही संमती दिली का, तुम्ही नीट लक्ष घातलं का? तेव्हा तोंडी सांगितलेलं कामी येत नाही, वहीत लिहिलेली एक ओळ कामी येते.

महाळुंगे पडवळ म्हटलं की बाबू गेनूंचं नाव येतंच. या गावचा गिरणी कामगार पोरगा, १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि गेला. डिंभ्याच्या जलाशयाला आज त्यांचं नाव आहे. आपल्याकडे कोणी एवढं मोठं काही मागत नाहीये. आपल्याला फक्त एका चुकीच्या ठरावापुढे थांबून "कागद दाखवा" म्हणायचंय. आणि ते एकटीला जड जातं, म्हणून शेजारच्या गावची एक ताई सोबतीला घ्यायचीय.

तेव्हा पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय घ्या. आपल्या कोणत्या कंपनीत, कोणत्या संस्थेत बाहेरची व्यक्ती घ्यायची सोय आहे ते पोटनियमात बघा. कोणत्या गावची ताई बोलवायची आणि आपल्यातली कोणाला पाठवायची, त्यांची नावं काढा. त्या वेळी वहीत एक ठराव लिहिला गेला, तर आजचं बोलणं कामी आलं असं मी समजेन.